आर्ना बॉन्टॉम, ग्रंथपाल आणि मुलांसाठी इतिहास लिहिणारे कादंबरीकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्ना बॉन्टॉम कोण होते?

अमेरिकेतले कृष्णवर्णीय कवी, कादंबरीकार आणि ग्रंथपाल. जन्म १३ ऑक्टोबर १९०२, लुइझियाना राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावात. मृत्यू ४ जून १९७३, टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात. १९४३ ते १९६५ अशी बावीस वर्षं ते नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे मुख्य ग्रंथपाल होते. गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठी उभ्या राहिलेल्या या विद्यापीठात त्यांनी कृष्णवर्णीय लेखकांची हस्तलिखितं, पत्रं आणि पुस्तकं जमवली. त्याच वर्षांत शाळकरी मुलांसाठी ते इतिहासावरची पुस्तकं लिहीत होते. ही दोन कामं वेगळी मानली की बॉन्टॉम समजत नाहीत, असं मला वाटतं. शाळेच्या पुस्तकांतून जो इतिहास गाळला गेला होता, तो ते दिवसा कपाटांत जपत होते आणि उरलेल्या वेळात गोष्टींतून मुलांपर्यंत पोचवत होते.

आडनावाचा उच्चार असा का?

घराणं लुइझियानातलं क्रिओल, म्हणजे फ्रेंच वसाहतीच्या काळातलं मिश्र वंशाचं, आडनाव फ्रेंच वळणाचं. इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं उच्चारत नाहीत.

त्यांचं बालपण अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे जुन्या गुलामगिरीच्या राज्यांत गेलं का?

नाही, आणि त्याला एक कारण घडलं. वडील गवंडी होते, विटांच्या कामात तरबेज. आई लग्नाआधी शिक्षिका होती. एके दिवशी वडील रस्त्याने येत असताना दारू प्यायलेले दोन गोरे समोरून आले आणि ‘या काळ्याला तुडवून जाऊ’ अशा अर्थाचं काहीतरी बोलले. वडिलांनी वाट सोडली, कारण उलट हात उचलला असता तर त्या काळात त्या गावात पुढे काय झालं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी गाव सोडलं आणि कुटुंब कॅलिफोर्नियाला हलवलं. आर्ना तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचे होते. ते बारा वर्षांचे असताना आई वारली.

‘अंकल बडी’ म्हणजे कोण? बॉन्टॉमवरच्या प्रत्येक लेखात हे नाव का येतं?

आजीचा धाकटा भाऊ. तो लुइझियानातून लॉस एंजेलिसला येऊन राहिला. दारूचं व्यसन, कपडे कसेतरी, पण तोंडात गोष्टींचं भांडार. भुताखेतांच्या, गंडेदोऱ्यांच्या, मालक आणि गुलामांच्या गोष्टी तो खास दक्षिणी बोलीत रंगवून सांगायचा. आर्ना त्याच्याभोवतीच घुटमळत.

वडिलांना हा मामेसासरा माणूस म्हणून आवडायचा, पण मुलावर त्याची छाप पडू नये असं त्यांना वाटे. दक्षिण मागे टाकून आलेल्या माणसाला ती बोली आणि त्या आठवणी पुन्हा घरात नको होत्या. त्यांनी मुलाला गोऱ्यांच्या निवासी शाळेत घातलं आणि निघताना बजावलं की तिथे जाऊन ‘काळ्यांसारखा’ वागू नकोस.

हे वाक्य बॉन्टॉम जन्मभर विसरले नाहीत. १९६५ साली, वयाची साठी उलटल्यावर, त्यांनी ‘व्हाय आय रिटर्न्ड’ हा आत्मकथनपर लेख लिहिला, त्यातही ते आहे. वडिलांबद्दल त्यात राग नाही. वडील आणि बडीमामा ही दोन टोकं आपल्या लोकांच्या मनातच आहेत, असं ते समजुतीने मांडतात. भूतकाळाची लाज वाटून तो पुसावा, की त्यातली गाणी-गोष्टी उराशी धराव्यात? त्या शाळेत आणि पुढे कॉलेजात इतिहासाची पुस्तकं वाचताना त्यांच्या ध्यानात आलं की त्यांत आपल्या लोकांचा पत्ताच नाही, आणि एवढी मोठी गाळणी चुकून होत नसते. पुढचं सगळं आयुष्य या एका शंकेतून निघालेलं आहे.

ते हार्लेमला कधी गेले?

१९२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक युनियन कॉलेजातून पदवी घेतली, काही काळ लॉस एंजेलिसच्या पोस्टात रात्रपाळी केली आणि १९२४ मध्ये न्यू यॉर्क गाठलं. हार्लेममध्ये, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, तेव्हा कृष्णवर्णीय कवी, चित्रकार, संगीतकार यांची मोठी लाट उसळली होती. बॉन्टॉम तिथल्या एका शाळेत शिकवत आणि कविता लिहीत. १९२६ आणि १९२७ अशी दोन वर्षं ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाचं पुश्किन पारितोषिक त्यांच्या कवितांना मिळालं. कवी लँग्स्टन ह्यूज यांच्याशी जी मैत्री तिथे जुळली, ती ह्यूज यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत टिकली.

त्यांना स्वतःची पुस्तकं जाळायला सांगितलं होतं, हे खरं आहे?

होय. १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, ते अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे चर्चच्या एका संस्थेत शिकवायला गेले. त्याच वर्षी त्याच राज्यात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवून खटला सुरू झाला. हा स्कॉट्सबरो खटला, आणि १९३३ ची फेरसुनावणी हंट्सव्हिलजवळच्या डिकेटर गावात झाली. वातावरण तापलेलं होतं. बॉन्टॉम यांच्याकडे न्यू यॉर्कहून मित्र येत, टपालाने पुस्तकं येत. संस्थेच्या प्रमुखांना याचा संशय येऊ लागला. तुम्ही सरळ मार्गाचे आहात हे दाखवायचं असेल तर घरातली ती पुस्तकं जाळा, असं त्यांनी सांगितलं. त्या कपाटात कृष्णवर्णीय लेखक होते: जेम्स वेल्डन जॉन्सन होते, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस होते, फ्रेडरिक डग्लस होते.

पुस्तकं जाळली गेली नाहीत. शाळेचं वर्ष संपताच १९३४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बायकामुलांना गाडीत घालून कॅलिफोर्नियाला वडिलांच्या घरी गेले. हातात पैसा नव्हता. ज्या माणसाला पुस्तकं जाळायचा हुकूम झाला, तोच पुढे नऊ वर्षांनी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला आणि डु बॉइस-डग्लस यांच्या परंपरेतले कागद गोळा करू लागला. मला तरी बॉन्टॉम यांच्या चरित्रात याहून मोठी घटना दिसत नाही.

‘ब्लॅक थंडर’ शिलाई मशीनवर लिहिली, असं म्हणतात ते काय?

वडिलांचं घर लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात होतं आणि लहान होतं. एकाच घरात दोन कुटुंबं. टाइपरायटर मांडायला जागा नव्हती, म्हणून बॉन्टॉम यांनी एका जादा खोलीत, आत दुमडून बंद केलेल्या शिलाई मशीनच्या फळीवर वही ठेवून, सगळी कादंबरी हाताने लिहून काढली. ती १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली.

विषय सन १८०० चा, व्हर्जिनियातला. गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने रिचमंड शहर ताब्यात घ्यायचा बेत केला होता. शेकडो माणसं तयार होती. ३० ऑगस्टच्या रात्री निघायचं ठरलं, आणि त्याच रात्री असा मुसळधार पाऊस कोसळला की ओढ्यांना पूर आले, पूल वाहून गेले आणि एकत्र जमणंच अशक्य झालं. दरम्यान दोघा गुलामांनी मालकांना खबर दिली. ऑक्टोबरमध्ये गेब्रिएलला फाशी झाली.

समीक्षकांनी कादंबरी उचलून धरली, खप मात्र झाला नाही. ती मोठ्यांसाठी आहे, तरी इथे तिच्यावर रेंगाळावंसं वाटतं, कारण इतिहास गोष्टीतून सांगण्याची त्यांची रीत तिथे ठरली. खबर देणारा म्हातारा बेन हा कादंबरीत साधा खलनायक झालेला नाही. आयुष्य मालकाच्या घरात गेलेल्या, भीती आणि निष्ठा यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचं मन बॉन्टॉम आतून दाखवतात. फितुरीची गोष्ट सांगताना फितुराला शिव्या घालणं सोपं असतं. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाने तर बेनची प्रकरणं मुद्दाम वाचावीत.

या कादंबरीचा आणि ग्रंथालयाचा काही संबंध?

थेट संबंध. अलाबामात असताना ते नॅशव्हिलला मित्रांकडे गेले आणि फिस्कच्या ग्रंथालयात त्यांना गुलामांच्या आत्मकथनांचा एवढा संग्रह सापडला की असं काही असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. झपाटल्यासारखी त्यांनी ती वाचून काढली. त्यातून गुलामांच्या उठावांचा विषय डोक्यात बसला आणि गेब्रिएलची निवड झाली.

फिस्कचा हा संग्रह वाढवण्यात आर्थर शॉम्बर्ग यांचा वाटा मोठा होता. पोर्तो रिकोत जन्मलेले हे गृहस्थ कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे नामांकित संग्राहक. न्यू यॉर्कला त्यांच्या नावाचं संशोधन केंद्र आजही आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते काही काळ फिस्कमध्ये संग्रहाचं काम पाहत होते. एकाने जमवून ठेवलं, दुसऱ्याच्या हाती लागलं, आणि कादंबरी झाली.

लेखक असून ते ग्रंथपालाच्या नोकरीकडे का वळले?

पोटापाण्याचा प्रश्न होताच. पुढे सहा मुलांचा संसार झाला, आणि कादंबऱ्यांवर घर चालत नव्हतं. शिकागोत ते सरकारी लेखक-प्रकल्पावर काम करत होते. तिथे इलिनॉय राज्यातल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास गोळा करताना कागदपत्रं शोधण्याची सवय लागली. मग रोझेनवाल्ड निधीच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकागो विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९४३ मध्ये फिस्कला रुजू झाले.

पण नुसती नोकरीच हवी असती तर उत्तरेकडेही मिळाली असती. नॅशव्हिलमध्ये तेव्हा बस, हॉटेल, शाळा सगळीकडे वर्णभेद होता. शहराचं मुख्य सार्वजनिक ग्रंथालयसुद्धा कृष्णवर्णीयांना खुलं नव्हतं. वडील जी दक्षिण सोडून पळाले, तिथे मुलगा आपण होऊन परतला. ‘व्हाय आय रिटर्न्ड’ या लेखाचा विषय तोच.

फिस्कमध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

ग्रंथपाल म्हटलं की आपल्यासमोर पुस्तकांची देवघेव येते. बॉन्टॉम यांचं खरं काम पत्रव्यवहाराचं होतं. लेखक, लेखकांच्या विधवा, मुली, मित्र या सगळ्यांना ते वर्षानुवर्षं पत्रं लिहीत. तुमच्या घरातल्या पेट्यांमध्ये जे कागद पडले आहेत ते टाकून देऊ नका, आमच्याकडे द्या, एवढंच मागणं. कादंबरीकार चार्ल्स चेस्नट यांचे कागद अशा मार्गाने फिस्कला आले. लेखक जीन टूमर १९२३ च्या एका पुस्तकाने गाजले आणि पुढे जवळजवळ विसरले गेले. त्यांचे कागदही बॉन्टॉम यांनीच मिळवले. आज टूमरवर जे संशोधन होतं त्याचा पाया हे कागद आहेत. पुढे हे कागद येल विद्यापीठात गेले.

आणखी एक हकिकत इथे सांगायलाच हवी. छायाचित्रकार आणि लेखक कार्ल व्हॅन व्हेक्टेन हे गोरे. त्यांनी कृष्णवर्णीय साहित्याचा आपला संग्रह गोऱ्यांच्या येल विद्यापीठाला दिला आणि संगीताचा संग्रह, संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या नावाने, फिस्कला. अदलाबदल मुद्दाम केली होती. संगीताच्या गोऱ्या अभ्यासकाला फिस्कची पायरी चढावी लागावी आणि कृष्णवर्णीय साहित्याच्या अभ्यासासाठी येलने आपली दारं उघडावीत, हा त्यामागचा विचार. हा संगीतसंग्रह बॉन्टॉम यांच्या काळात फिस्कला आला. आणि पुढे, निवृत्तीनंतर, येलमधल्या त्या जोडसंग्रहाची, म्हणजे जेम्स वेल्डन जॉन्सन संग्रहाची जबाबदारीही काही वर्षं त्यांच्याकडेच आली.

मुलांसाठी लिहिलेली त्यांची ऐतिहासिक कादंबरी कोणती?

‘चॅरिअट इन द स्काय’, १९५१. नायक केलेब विलोज हा गुलामीत वाढलेला मुलगा. यादवी युद्ध, मुक्ती, शिक्षणाची धडपड असं करत गोष्ट फिस्कपर्यंत येते आणि तिथल्या ज्युबिली गायकांच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गायनपथकाच्या, पहिल्या दौऱ्यात शिरते. केलेब काल्पनिक, गायक खरे. २००२ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली.

ज्युबिली गायकांची खरी हकिकत काय आहे?

फिस्कची शाळा जानेवारी १८६६ मध्ये सुरू झाली, युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. वर्ग भरत ते लष्कराच्या सोडून दिलेल्या दवाखान्याच्या बराकींत. सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट फिस्कमध्ये सांगितली जाते. नॅशव्हिलमध्ये जिथे गुलामांना विक्रीआधी डांबून ठेवत, तिथल्या गंजक्या बेड्या विद्यार्थ्यांनी भंगारात विकल्या आणि त्या पैशांतून अंकलिप्या आणल्या.

१८७१ पर्यंत संस्था कर्जात बुडाली. खजिनदार जॉर्ज व्हाइट हेच गाणंही शिकवत. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते नऊ विद्यार्थ्यांना घेऊन पैसे उभे करायला बाहेर पडले. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले, पियानोला एला शेपर्ड. दोनच दिवसांनी शिकागो शहर आगीत सापडलं. या मुलांच्या स्वतःच्या अंगावर धड गरम कपडे नव्हते, तरी सुरुवातीच्या कार्यक्रमांची तुटपुंजी कमाई त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. हॉटेलं त्यांना खोली देत नसत.

ते आधी गोऱ्यांना परिचित गाणी म्हणत. गुलामीतली, शेतावर आणि चोरून भरवलेल्या प्रार्थनेत म्हटली जाणारी गाणी ही घरातली गोष्ट होती, ती परक्यांपुढे म्हणायला त्यांची मनं तयार नव्हती. पण ओहायोतल्या ओबरलिन इथे पाद्र्यांच्या परिषदेत त्यांनी त्यांतलंच ‘स्टील अवे’ म्हटलं आणि सभागृह स्तब्ध झालं. तिथून दौऱ्याचं नशीब फिरलं. १८७३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियापुढे गाणी म्हटली. मिळालेल्या पैशांतून बांधलेलं ज्युबिली हॉल १८७६ मध्ये पुरं झालं आणि आजही उभं आहे.

बडीमामाच्या गोष्टी लपवू पाहणाऱ्या घरात वाढलेल्या लेखकाने नेमका हा प्रसंग मुलांसाठी का निवडला असेल, हे वेगळं सांगायला नको.

याचा भारताशी काही धागा जुळतो का?

दोन धागे आहेत. १८७५ मध्ये या गायकांत सामील झालेले फ्रेडरिक लाउडिन यांनी पुढे स्वतःचं पथक काढून जगभर दौरा केला. १८८० च्या दशकाच्या शेवटी ते हिंदुस्थानात आले होते आणि ताजमहालातही त्यांनी गाणं म्हटलं.

दुसरा धागा पुण्याचा. ज्या १८७३ मध्ये हे गायक इंग्लंडमध्ये होते, त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. फुल्यांच्या वाचकाला बॉन्टॉम परके वाटू नयेत. आपल्या लोकांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला की काय होतं, हा प्रश्न दोघांचाही आहे.

‘स्टोरी ऑफ द नीग्रो’ हे पुस्तकही कादंबरीच आहे का?

नाही, तो शाळकरी मुलांसाठी लिहिलेला सरळ इतिहास आहे, १९४८ चा. तो गुलामांच्या जहाजापाशी थांबत नाही, मागे आफ्रिकेतल्या जुन्या राज्यांपर्यंत जातो. लहानपणी आपल्याला जे पुस्तक मिळालं नाही ते त्यांनी लिहिलं. अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या न्यूबेरी सन्मानांमध्ये १९४९ साली त्याचा समावेश झाला. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक. १९५६ मध्ये त्याला जेन अॅडम्स बालसाहित्य पुरस्कारही मिळाला.

नागरी हक्कांच्या चळवळीत ते होते का?

मोर्च्यांच्या पुढच्या रांगेत नव्हते. १३ फेब्रुवारी १९६० पासून नॅशव्हिलच्या दुकानांमधल्या खानावळींत विद्यार्थी वर्णभेदाविरुद्ध ठिय्या देऊ लागले. विद्यार्थी नेत्या डायन नॅश यांच्यासारखे त्यांतले कित्येक फिस्कचे, म्हणजे बॉन्टॉम यांच्या ग्रंथालयाचे वाचक. चळवळ जोरात असताना, १९६१ मध्ये, त्यांनी ‘१०० इयर्स ऑफ नीग्रो फ्रीडम’ हे पुस्तक काढलं. त्यांची बाजू कोणती, याबद्दल शंकेला जागा नाही.

मुलांना त्यांचं कोणतं पुस्तक आधी द्यावं?

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ‘पोपो अँड फिफिना’ द्या. १९३२ मध्ये ह्यूज यांच्यासोबत लिहिलेली ही हैतीतल्या भावाबहिणीची गोष्ट. कुटुंब समुद्रकाठच्या गावी राहायला येतं, पोपो सुतारकाम शिकू लागतो, पतंग उडवतो. मोठं नाट्य काही नाही, म्हणूनच ती गोड आहे. ‘द फास्ट सूनर हाउंड’ ही आगगाडीला मागे टाकणाऱ्या कुत्र्याची धमाल गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला उत्तम.

थोड्या मोठ्या मुलांना ‘लोनसम बॉय’. ट्रम्पेटवेडा बबर आजोबांचं न ऐकता न्यू ऑर्लिन्सला जातो आणि एका रात्री भलत्याच मैफलीत वाजवायला सापडतो. यात बडीमामाचा आवाज सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. ‘चॅरिअट इन द स्काय’ बारा वर्षांनंतर, आणि ‘ब्लॅक थंडर’ सोळा-सतराव्या वर्षी.

जुन्या पुस्तकांच्या शीर्षकांतला ‘नीग्रो’ हा शब्द त्या काळी कृष्णवर्णीय लेखक स्वतःच अभिमानाने वापरत. आज तो चालत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना तर नक्कीच.

त्यांचे स्वतःचे कागद आणि घर आज कुठे आहे?

त्यांच्या कागदांचा मोठा संग्रह न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठात आहे. ह्यूज यांच्याबरोबरचा पत्रव्यवहार येलमध्ये, त्यातली निवडक पत्रं १९८० मध्ये पुस्तकरूपाने आली. अलेक्झांड्रियातलं जन्मघर जपलं गेलं असून तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.